हरकाबाईचं ताट

आमच्या शाळेत पाहुणा आला की त्याला आधी फेटा बांधतात, मग शाल पांघरतात, मग हातात नारळ देतात, आणि एवढं झालं की त्याचं काही ऐकून घ्यायची गरज उरत नाही. हा सोहळा मी अकरा वर्षं बघते आहे. सूत्रसंचालन माझ्याकडेच असतं, कारण मी नांदेडची, माझी भाषा शुद्ध, आणि स्टाफमध्ये बाई मी एकटीच. हल्ली माइक हातात घेऊन 'मान्यवरांनी आसनस्थ व्हावं' म्हणताना मला मळमळतं. का, ते सांगते.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर आमच्या शाळेत जपानहून एक बाई आली. नाव हारुको. वय त्रेसष्ट, उंची आमच्या सातवीतल्या पोरींएवढी. तिकडची कुठलीशी संस्था निवृत्त शिक्षकांना परदेशातल्या खेड्यांत बिनपगारी शिकवायला पाठवते, तिनं हिला सहा महिन्यांसाठी आमच्याकडे पाठवलं होतं. बिलोली तालुक्यातलं आमचं गाव तिला नकाशात सापडलं नव्हतं म्हणे, तरी आली. पहिल्याच आठवड्यात गावानं हारुकोची हरकाबाई केली. तिलाही ते नाव आवडलं.

संस्थेचे सचिव माधवराव यांनी बसस्टँडवर तिचा फ्लेक्स लावला. त्यात तिच्यापेक्षा त्यांचा स्वतःचा फोटो मोठा होता. तिला राहायला सोसायटीच्या गोदामावरची खोली दिली, आणि सप्त्यातल्या महाराजांचं जेवण जसं घरोघर लावतात तसे तिच्या जेवणाचे वार लावले. सोमवार माधवरावांचा, मंगळवार सरपंचांचा, बुधवार आमचा. ज्यांना वार मिळाला नाही ते रुसून बसले. माझ्या सासूबाईंनी, साखराबाईंनी, तर पहिल्या बुधवारी माझ्या लग्नातलं पितळी ताट चिंच लावून घासलं. हरकाबाई मांडी घालून बसली, ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी "लई छान" म्हणत दीड भाकरी खाल्ली. सासूबाई चार दिवस गल्लीत तेच सांगत होत्या.

खरं सांगायचं तर मला ती सुरुवातीला आवडली नाही. माझ्या इंग्रजीची ती रोज परीक्षा घेते असं मला वाटायचं. सकाळी साडेनऊला शाळेत यायची, स्वतःचा वर्ग स्वतः झाडायची, चिंचोके मांडून पाढे शिकवायची, जुन्या प्रश्नपत्रिकांचे पक्षी करून खिडकीत टांगायची. पोरं तिच्या मागेमागे. अकरा वर्षांत माझ्या मागे कोणी धावलं नव्हतं.

महिना झाला असेल. एक दिवस पाच वाजता शाळा सुटताना ती दारात उभी राहून पोरींच्या बाटल्या बघत होती. मग मला म्हणाली, "मुलांच्या बाटल्या रिकाम्या आहेत. मुलींच्या भरलेल्या. सकाळी भरून आणतात, संध्याकाळी तशाच घरी नेतात. का?"

मला का, ते माहीत होतं. शाळेच्या मागे मुलींसाठी दोन संडास आहेत. दारावर हसऱ्या मुलीचं चित्र आणि खाली सुविचार. आत वर्षानुवर्षं कोणी पाणी टाकलेलं नव्हतं. एकात मोडके बाक कोंबलेले, दुसऱ्याचं वर्णन करायला मला पेन धरवत नाही. शिपाई मारोती म्हणतो, "ते काम माझं न्हाई." हेडसर म्हणतात, तरतूद नाही. म्हणून आमच्या बहात्तर पोरी सकाळी घरून जाऊन यायच्या आणि संध्याकाळपर्यंत पाणी प्यायच्या नाहीत. नववीतली पुनम तर दुपारनंतर बाकावर पोट धरून बसायची. गणितात ती शाळेत पहिली. तिला दोनदा लघवीच्या आजारानं नायगावच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि तिचा बाप रविकिरण मला म्हणाला होता, "म्याडम, आजून येकदा आसं झालं तर पोरीला घरी बसवतो. मामाचं स्थळ हायच."

मी हरकाबाईला म्हणाले, "सवय आहे त्यांना."

तिनं स्टाफरूमकडे बोट केलं. मग म्हणाली, "आणि आपण दोघी जातो ते?"

आम्ही दोघी जायचो तो स्टाफरूमला लागून असलेला लेडीज स्टाफचा संडास. फरशी, नळ, आरसा. त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. हरकाबाई येईपर्यंत तो मी एकटीच वापरत होते. दर शनिवारी गावाबाहेरच्या वस्तीवरची एक बाई येऊन तो धुऊन जायची. तिचं नाव मी अकरा वर्षांत विचारलं नाही.

"तो स्टाफचा आहे," मी म्हणाले. "नियम आहे."

"नियम," ती म्हणाली, आणि मान हलवून गेली. मला तिचा राग आला. दुसऱ्याच्या घरात येऊन न्हाणीघर बघणाऱ्या पाहुण्यासारखी वाटली ती मला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत आले तर मागच्या बाजूला गर्दी. हरकाबाईनं पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, तोंडाला रुमाल बांधला होता, आणि ती मुलींच्या संडासात होती. आतून खराटा ओढल्याचा आवाज येत होता. मोडके बाक तिनं एकटीनं बाहेर ओढून ठेवले होते. दुर्गंधी एवढी की मी पदर नाकाला लावून चार पावलं मागे सरले. ती बाहेर आली, बादली ओतली, पुन्हा आत गेली. मारोती हाताची घडी घालून भिंतीला टेकला होता आणि पोरांना सांगत होता, "बगा, बगा, हरकाबाई काय करून राहिली ते!"

दोन तास लागले तिला. मग साबणानं हात धुऊन, कपडे बदलून, ती नववीच्या वर्गावर अपूर्णांक शिकवायला गेली. तिच्या देशात शाळेत शिपाई नसतो म्हणे. वर्ग, जिने, संडास, सगळं पोरं आणि मास्तर मिळून धुतात. हे तिनं मला मधल्या सुट्टीत सांगितलं. डबा उघडा होता, आणि माझ्याच्यानं एक घास खाल्ला गेला नाही.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं. पण आमचं गाव हुशार आहे. त्याला प्रत्येक गोष्टीचा उलगडा हवा असतो, आणि उलगडा एकाच ठिकाणी सापडतो. मारोती दुपारी पारावर गेला. संध्याकाळपर्यंत गावात ठरलं होतं की ही बाई तिकडची मास्तरीण वगैरे काही नाही. संडास साफ करणं हे तिचं जातीचंच काम. नाहीतर एवढ्या सफाईनं कोणाला जमेल? हात बघा कसा चालतो. आणि बिनपगारी कोण येतं, तेव्हा तिकडंही हिला कोणी जवळ करत नसणार.

मी हे ऐकून हसले होते. वाटलं, जपानमधल्या बाईची जात काढतील इतके काही आपले लोक वेडे नाहीत.

सोमवारी माधवरावांच्या घरी कोणीतरी लांबचं वारलं आणि सुतक पडलं. मंगळवारी सरपंचांच्या घरात सगळ्यांना एकदम उपास लागला. बुधवारी सकाळी मी भाकरी थापत होते तेव्हा सासूबाई चुलीजवळ येऊन बसल्या.

"आज त्या बाईला नको बलाऊ."

"का?"

"श्रीमंतला बरं न्हाई, आसं मन."

श्रीमंत म्हणजे माझा नवरा. तो समोरच बसून पोहे खात होता. त्याला काही झालेलं नव्हतं.

"आई, ती जपानची आहे. तिकडं जाती नसतात आपल्यासारख्या."

"जात कुटं नसती का?" सासूबाई म्हणाल्या. "तू शिकलीस, तुला कळत न्हाई. मी काय तिला वाईट मनून राहिले का? डबा दे करून. पर माझ्या ताटात नको."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं पोह्यातली मिरची बाजूला काढली आणि म्हणाला, "जाऊ दे ना. कशाला घरात तमाशा?"

आणि मी जाऊ दिलं. मी डबा भरला. त्याहून पुढची गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. तो डबा मी आमच्या रोजच्या डब्यांपैकी घेतला नाही. माळ्यावरचा, चेपलेला, मजुरांना शेतात भाकरी न्यायचा काढला. मला कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप तिकडे गेला. डबा हातात घेतल्यावर ते माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावरही मी तो परत ठेवला नाही.

हरकाबाईला वाटलं, आपल्याला रोज घरोघर जायचा त्रास नको म्हणून गावानं ही सोय केली. तिनं माझे आभार मानले. हळूहळू डबेही आटले. मग ती खोलीवर गॅसच्या छोट्या शेगडीवर भात शिजवायला लागली. गुरुवार, शुक्रवार, सगळे वार गेले, आणि कोणी एक शब्द बोललं नाही. समोर आली की सगळे हात जोडून "नमस्कार हरकाबाई!" म्हणायचे. किळस मला याची येते. तोंडावर थुंकणारा माणूस परवडला, त्याला निदान ओळखता येतं.

पण शाळेत संडास सुरू झाला होता. ती रोज सकाळी धुवायची. चौथ्या दिवशी पुनम खराटा घेऊन तिच्यासोबत उभी राहिली, मग अजून दोघी, मग सात-आठ. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघायचे. पाच वाजता पोरींच्या बाटल्या रिकाम्या दिसायला लागल्या. एक दिवस दुपारच्या शेवटच्या तासाला पुनमनं फळ्यावर येऊन उदाहरण सोडवलं. त्या तासाला ती उभी राहिलेली मी पहिल्यांदा बघितली. बाकावर बसताना ती बाटलीतून घटाघटा पाणी प्यायली, सगळ्यांसमोर, जरा दाखवूनच.

तीन आठवडे हे चाललं. मग हरकाबाईनं भिंतीवर तक्ता लावला. सोमवार ते शनिवार, कोणी कोणत्या दिवशी काय धुवायचं. तिच्या देशाप्रमाणे तिनं त्यात पोरांचीही नावं घातली. मी तो तक्ता मराठीत लिहून दिला. गुरुवारसमोर सत्यम हे नाव लिहिताना माझा हात क्षणभर थांबला. सत्यम म्हणजे माधवरावांचा नातू. मी तिला सांगू शकले असते की एवढं एक नाव गाळ. नाही सांगितलं. आत कुठेतरी मला बघायचं होतं काय होतं ते.

सत्यमनं गुरुवारी मजेत संडास धुतला. पोरगं चांगलं आहे. घरी जाऊन त्यानं मोठ्या हौशीनं आजोबांना सांगितलं.

शुक्रवारी साडेदहाला माधवराव शाळेत आले. त्यांनी हरकाबाईला हात जोडले. तिला एक शब्द बोलले नाहीत. हेडसरांच्या खोलीत मात्र आम्हा सगळ्यांना उभं केलं.

"माझ्या नातवाच्या हातात संडासाचा ब्रश? आरं, इज्जत ठेवली का न्हाई तुमी?"

"साहेब, जपानी पद्धत..." हेडसर म्हणाले.

"पद्धत तिकडं! आन् तुमी, म्याडम. तक्ता तुमच्या अक्षरात हाय."

मी म्हणाले, "त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, सर."

एवढंच म्हणाले. सगळं तिच्या अंगावर ढकललं आणि पदर सारखा केला. दुपारी मारोतीनं मुलींच्या संडासाला भलंमोठं कुलूप घातलं आणि किल्ली माधवरावांकडे नेऊन दिली. बाईची प्रकृती इथलं हवामान सोसत नाही, असं पत्र तिच्या संस्थेला गेलं. ते इंग्रजीत मीच लिहिलं. सहा महिन्यांसाठी आलेली बाई अडीच महिन्यांत परत निघाली.

निरोपाच्या दिवशी पुन्हा फेटा, पुन्हा शाल, पुन्हा नारळ. माधवरावांनी भाषण केलं की या माउलीनं सातासमुद्रापलीकडून येऊन आपल्याला स्वच्छतेचा मंत्र दिला. टाळ्या पडल्या. ज्या ठिकाणी ते उभे होते तिथून ते कुलूप दिसत होतं. पोरी खाली बसल्या होत्या, बाटल्या भरलेल्या. पुनम पोट धरून बसली होती. मी माइकवर म्हणाले, "धन्यवाद साहेब, आपण अत्यंत मौलिक विचार मांडलेत."

मग जेवण. वर्गात सतरंज्या अंथरून पंगत बसली. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. सगळ्यांपुढे स्टीलची ताटं मांडली. हरकाबाईपुढे कागदी प्लेट ठेवली. एकटीपुढे. ठेवणारा मारोती होता, पण तो कोणाच्या सांगण्यावरून ठेवतो हे सगळ्या पंगतीला माहीत होतं. कोणी मान वर केली नाही. सगळे एकदम भात कालवायला लागले.

हरकाबाईनं प्लेट बघितली. तिच्या कडेला सोनेरी नक्षी होती. मग सगळ्यांची ताटं बघितली, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "माझीच वेगळी? का?"

माझ्या तोंडात घास होता. माधवराव माझ्याकडे बघत होते. मी घास गिळला आणि म्हणाले, "तुम्ही पाहुण्या आहात. तुमच्यासाठी खास नवीन आणली."

ती लाजली. खरंच लाजली, गाल लाल झाले तिचे. तिनं हात जोडून सगळ्या पंगतीपुढे वाकून नमस्कार केला. शेवटच्या कणापर्यंत जेवली. मग ती प्लेट नळावर नेऊन हलक्या हातानं धुतली, रुमालानं टिपली, आणि आठवण म्हणून पिशवीत ठेवली. नायगावची जीप आली तेव्हा ती पिशवी तिनं मांडीवर धरली होती.

त्या दिवशी घरी येऊन मी भडाभडा ओकले. सासूबाई म्हणाल्या, बुंदीचं तेल खराब असंल.

पुढच्या सोमवारी पुनम शाळेत आली नाही. मंगळवारी आली नाही. बुधवारी मी मधल्या सुट्टीत तिच्या घरी गेले. ती ओसरीवर पडली होती, अंगात ताप. रविकिरण बाहेर आला.

"म्याडम, मी सांगितलं व्हतं. आता बास. माघात उरकून टाकतो."

"आठ दिवस द्या मला," मी म्हणाले. "ताप उतरला की पाठवा. परत असं झालं तर मी स्वतः येऊन तिचं नाव कमी करते."

"काय करनार तुमी आट दिवसांत?"

मी चपला घातल्या. शाळेत परत येताना मी पर्समध्ये रुमाल शोधत होते आणि हाताला किल्ली लागली.

पुढच्या सोमवारी पुनम आली. प्रार्थना झाल्यावर मी नववीच्या वर्गात गेले, दाराशेजारच्या खिळ्याला ती किल्ली अडकवली, आणि पोरींना म्हणाले, "स्टाफरूमशेजारचा. बहात्तर जणींनी वापरायचा. पाणी प्या."

तासाभरात हेडसर आले. "म्याडम, साहेबांना काय सांगू?"

"सांगा की लेडीज स्टाफची काही तक्रार नाही. लेडीज स्टाफ मी एकटीच आहे."

"आन् साफ कोण करनार? बहात्तर पोरी हायत. घाण बगवनार न्हाई तुमाला."

खरं होतं. मला नाहीच बघवली. चार वाजता मी आत गेले, दार लावलं, आणि दोन मिनिटं नुसती भिंतीला टेकून उभी राहिले. मग साडी खोचली. पहिल्यांदा उमासा आला तेव्हा बाहेर पळाले. दुसऱ्यांदा तोंडाला पदर बांधून गेले. खराटा कसा धरायचा हेही मला येत नव्हतं, अर्धं पाणी माझ्याच पायांवर उडालं. दारात पुनम उभी होती. तिनं भरलेली बादली पुढे सरकवली. रिकामी झाली की दुसरी. खिडकीबाहेर मारोतीची सावली बराच वेळ हलत होती, मग गेली. तो पाराकडे गेला हे मला न बघताही कळलं.

घरी पोचायला सहा वाजले. मी अंघोळ केली, केस धुतले, हात कोपरापर्यंत तीनदा घासले. स्वयंपाकघरात आले तर जेवणं वाढलेली होती. नवरा पाटावर बसून खाली मान घालून जेवत होता. सासूबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या, वळल्या नाहीत.

माझं पान दाराजवळ मांडलं होतं. कागदी प्लेट होती. तिच्या कडेला सोनेरी नक्षी होती.

  मी खाली बसले, प्लेट जवळ ओढली आणि भाकरी मोडली.

"आई," मी म्हणाले, "अजून थोडं वरण वाढा."